ऊसतोड कामगार स्त्रिया आणि मताधिकार (बीड जिल्हा)

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कष्टकरी स्त्रिया, त्यांचे श्रमजीवन आणि त्यांना मिळालेल्या मताधिकाराचा इतिहास या नोंदीत एकत्र दिला आहे. हे दोन विषय सहसा वेगवेगळे मांडले जातात. स्त्री-मताधिकाराचा इतिहास मुंबई-मद्रासच्या सभा आणि लंडनच्या शिष्टमंडळांत संपतो, आणि ऊसतोडीचे वर्णन दुष्काळ, उचल (आगाऊ रक्कम) व मुकादम (टोळीचा ठेकेदार) यांच्यापाशी थांबते. बीडच्या बाईच्या आयुष्यात मात्र ते एकाच प्रश्नापाशी येतात : तिची मोजदाद स्वतंत्र माणूस म्हणून होते की नवऱ्याची जोडीदार म्हणून?

ब्रिटिश हिंदुस्थानात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने भारतमंत्री मॉन्टेग्यू यांच्यापुढे ठेवली. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती नाकारली. १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी त्या वर्षी लंडनला जाऊन बाजू मांडली. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी या चळवळीत पुढाकार घेतला आणि १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कायदेमंडळानेही स्त्रियांना मत देण्याचा ठराव केला. हा अधिकार मालमत्तेच्या अटीने बांधलेला होता, त्यामुळे शेतमजुरी करणारी किंवा गिरणीत राबणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. १९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढवली, तरी मालमत्ता, शिक्षण किंवा नवऱ्याची पात्रता असे निकष राहिलेच. मालमत्तेची अट न ठेवता प्रौढ मताधिकार द्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सांगितले होते. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. मत आणि बाळंतपणाची रजा या दोन मागण्या एकाच माणसाने एकाच वर्षी लावून धरल्या होत्या, हे बीडच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यातले काहीही तेव्हा बीडपर्यंत पोहोचले नाही. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. संस्थानात कायदेमंडळ होते, पण सामान्य प्रजेला प्रौढ मताधिकार नव्हता, पुरुषांनाही नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि अनुच्छेद ३२६ नुसार एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत मिळाले. (अठरा वर्षांची मर्यादा १९८९ मध्ये आली.) मुंबईच्या सुशिक्षित स्त्रियांना ज्या पायऱ्या चढायला तीस वर्षे लागली, त्या बीडच्या स्त्रियांनी एका झटक्यात ओलांडल्या. अक्षरओळख नसलेली, जमीन नसलेली, परित्यक्ता, विधवा, दलित, वंजारी, लमाण अशी प्रत्येक बाई एकाच दिवशी मतदार झाली. या घटनेचे मोठेपण सांगायला बीडमध्ये कुठले नेत्रदीपक आंदोलन दाखवता येत नाही, म्हणून स्थानिक इतिहासात तिला फारशी जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

पहिल्या मतदारयाद्या करताना देशभर एक विलक्षण अडचण आली. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. यातील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या उत्तरेकडच्या भागांतील होत्या. सेन यांचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला, पण बाईचे नाव हीच तिच्या हक्काची पहिली अट आहे, हे त्यामुळे सरकारी कागदावर ठरले. १९५२ मध्ये बीडच्या स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

जिल्ह्याच्या स्थलांतराचे मूळ भूगोलात आहे. उत्तरेला गोदावरीचा सुपीक काठ सोडला, तर मधला बालाघाटाचा डोंगरपट्टा खडकाळ आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत पाऊस कमी आणि बेभरवशाचा. खरीप हाताला लागला तर लागला, दिवाळीनंतर गावात काम उरत नाही. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसा तिकडे तोडणीला माणसांचा मोठा तुटवडा पडू लागला. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवर आणखी माणसे लोटली. आज मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत जातात, तसेच सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडेही. जिल्ह्यात परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई येथे कारखाने निघाले, तरी वाट थांबली नाही.

या धंद्यात मजुरीचे एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यामागे उचल देतो, ती नवऱ्याच्या हाती पडते आणि करारावर, असलाच तर, त्याचाच अंगठा किंवा सही असते. तोडलेल्या उसाच्या वजनावर हिशेब होतो आणि हंगाम संपताना तो उचलीशी ताडला जातो. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. या सगळ्या हिशेबात बाईचे नाव कुठेच येत नाही. सुकुमार सेन यांनी १९५१ मध्ये ज्या प्रकारची नोंद मतदारयादीत नाकारली, ती मजुरीच्या वहीत आजवर चालत आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगार संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्यातील बोलणीनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती मोठी होती, पण दर टनाचाच राहिला. त्यातला बाईचा वाटा किती, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

बाईचे काम मात्र अर्धे नसते. पहाटे तीन-चारला उठून ती कोपीपुढे (तात्पुरत्या झोपडीपुढे) चूल पेटवते, पाणी आणते, दिवसाच्या भाकरी थापते. उजाडायच्या आत उसाच्या फडात पोहोचायचे. पुरुष बुडातून ऊस तोडतो, बाईही तोडते, शिवाय पाचट (सुकी पाने) सोलणे, वाढ्याने (उसाच्या हिरव्या शेंड्याने) मोळी बांधणे आणि डोक्यावरून ती ट्रकपर्यंत किंवा गाडीपर्यंत नेणे तिच्याकडे असते. ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून मोळी वर टाकायची, खाली उतरायचे, पुन्हा चढायचे. ट्रक रात्री आला तर भरणी रात्री. उरलेली वाढी विकून चार पैसे मिळतात. लहान मूल बांधावर, पाचटाच्या सावलीत. मोठी मुलगी बरोबर आलेली असेल तर तिची शाळा सुटली असे समजायचे, आणि गावी आजीपाशी ठेवली तर तिच्या लग्नाची घाई सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. नवा कोयता जुळवायचा तर जोडी लागते, हे त्यामागचे एक उघड कारण आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली, हे महाराष्ट्रातील सर्वांत कमी प्रमाण बीडचेच होते.

एखाद्या दिवशी काम चुकले की त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी, ताप, बाळंतपण यांना सवलत नसते. फडाजवळ संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी विहिरीतून किंवा पाटातून. जंतुसंसर्ग, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे नेहमीचे. अशा तक्रारी घेऊन खासगी दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला जात असे. तिशी-पस्तिशीतल्या, क्वचित त्याहूनही लहान बाया शस्त्रक्रिया करून घेत. त्यासाठी कर्ज काढत, अनेकदा मुकादमाकडूनच, आणि ते फेडायला पुन्हा फडात जात.

२०१९ मध्ये हा विषय राज्यापुढे आला. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी दिली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे जवळजवळ सहापैकी एकीचे. खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधन नंतर जिल्ह्यात घातले गेले. केवळ डॉक्टरांच्या लोभाने हा आकडा इतका फुगला असे मानणे अपुरे आहे. ज्या कामात पाळीच्या दिवसाला दंड बसतो, त्या कामाने ही शस्त्रक्रिया बाईला सोयीची वाटायला लावली. गिरणीतल्या बाईला १९२९ मध्ये मिळालेली प्रसूती-रजा फडातल्या बाईला नव्वद वर्षांनंतरही मिळालेली नव्हती, हेही या आकड्यामागे आहे.

सार्वजनिक जीवनात जिल्ह्यातील स्त्रिया मागे राहिल्या, असे म्हणता येत नाही. राजुरीच्या केशरबाई क्षीरसागर (केशरकाकू) १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदा बीडमधून लोकसभेवर निवडून आल्या. त्यांच्यानंतर १९९६ मध्ये रजनी पाटील खासदार झाल्या. विमल मुंदडा यांनी केजचे प्रतिनिधित्व केले व राज्याचे आरोग्य खाते सांभाळले. पंकजा मुंडे २०१४ ते २०१९ ग्रामविकास आणि महिला-बालविकास मंत्री होत्या, प्रीतम मुंडे २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि २०१९ मध्ये खासदार झाल्या. अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी मनस्विनी प्रकल्पातून परित्यक्ता व संकटग्रस्त स्त्रियांसाठी दीर्घकाळ काम केले. अलीकडे महिला किसान अधिकार मंच (मकाम) आणि मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ऊसतोड स्त्रियांना स्वतःच्या नावाने संघटित करायला सुरुवात केली. ऊसतोड कामगारांच्या जुन्या संघटनांचे नेतृत्व पुरुषांकडे होते, म्हणून या बदलाचे महत्त्व अधिक.

मत आणि कोयता यांची थेट टक्कर कॅलेंडरात होते. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये येते, तोवर बहुतेक पट्टे पडलेले (कारखान्यांचे गाळप संपलेले) असतात आणि माणसे गावी परतलेली असतात. विधानसभेच्या २००९, २०१४ आणि २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरमध्ये, टोळ्या बाहेर पडण्याआधी झाल्या. २०२४ मध्ये मात्र गाळप हंगामाला १५ नोव्हेंबरची तारीख मिळाली आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. लाखो मजूर मतदानाला मुकतील, अशी चिंता त्या वेळी जाहीरपणे व्यक्त झाली. सर्वांत मोठी अडचण जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची. या निवडणुका ७ फेब्रुवारी २०१२ आणि १६ फेब्रुवारी २०१७ रोजी झाल्या, म्हणजे ऐन हंगामात. (२०२२ मध्ये मुदत संपल्यावर बीड जिल्हा परिषदेवर प्रशासक आला.) कारखान्यावरून गावी यायचे तर प्रवासखर्च आणि खाडा दोन्ही सोसावे लागतात. उमेदवारांनी गाड्या पाठवून मतदार आणण्याची रीत त्यातून पडली. मत देता येते, पण गाडी कुणाची यावर मताचा स्वतंत्रपणा अवलंबून राहतो.

पंचायतीत हा पेच आणखी गहिरा आहे. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या एक-तृतीयांश झाल्या आणि २०११ पासून निम्म्या. ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला ग्रामसभा घेण्याची तरतूदही राज्यात आहे. पण प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेच्या वेळी डोंगरपट्ट्यातील कित्येक गावांत म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच उरलेली असतात. पाणी, शाळा, रोजगार हमीची कामे यांचा आराखडा ज्यांच्यासाठी करायचा, त्या बाया तेव्हा शेकडो किलोमीटरवर मोळ्या वाहत असतात.

परराज्यांत किंवा परजिल्ह्यांत राबणाऱ्या मजुरांना टपाली मतदानाची सोय नाही. निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला. पक्षांचे एकमत झाले नाही आणि पुढे काही घडले नाही. मजुरांच्या कल्याणासाठी मात्र काही पावले पडली. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळल्या जाणाऱ्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरवले आणि तेवढीच भर आपल्याकडून घालण्याचे मान्य केले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. मुलगी गावात राहून शिकावी, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग, कारण तिच्या आईची पिढी ज्या वयात फडात उतरली, त्या वयात ती वर्गात बसू शकते.

ऊसतोड मजुरांना ओळखपत्र द्यावे, ही संघटनांची जुनी मागणी आहे आणि गावपातळीवर तशी नोंदणी सुरूही झाली. कार्यकर्त्या स्त्रियांचा आग्रह त्यापुढे जातो : नवरा-बायकोची नोंद वेगवेगळी व्हावी, करारावर दोघांची नावे असावीत, मजुरीचा निम्मा हिस्सा बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा आणि पाळी व बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरू नये. एकट्या, विधवा आणि परित्यक्ता बायांना मुकादम अर्धा कोयता म्हणून घ्यायला तयार नसतात. नात्यातल्या एखाद्या पुरुषाशी जोडी लावून त्यांना जावे लागते. वेगळी नोंद सर्वांत आधी त्यांना हवी आहे.