नायजेरियाच्या पेट्रोलची कुळकथा

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओलोइबिरी गावात 1956 मध्ये विहिरीला तेल लागलं. दोनच वर्षांत कच्च्या तेलाचं पहिलं जहाज परदेशी निघालं. तरीही परवापरवापर्यंत नायजेरियाच्या पंपांवरचं बहुतेक पेट्रोल ॲमस्टरडॅम, अँटवर्पसारख्या बंदरांतून यायचं.

रिफायनऱ्या नव्हत्या असं नाही. पोर्ट हारकोर्टची पहिली 1965ची. मग वारी, 1980 मध्ये कडुना आणि 1989 मध्ये पुन्हा पोर्ट हारकोर्ट. एकूण क्षमता रोज 4,45,000 पिंपं. यातल्या कडुनाची गंमतच आहे. तेलक्षेत्रापासून शेकडो किलोमीटर दूर, उत्तरेत ती बांधली आणि तिचा एक भाग चालणार होता परदेशातून आणलेल्या जड तेलावर! नायजेरियाचं ‘बॉनी लाइट’ हलकं, कमी गंधकाचं. पेट्रोल-डिझेलला उत्तम, पण डांबर नि वंगणाला जड तेलच हवं. म्हणजे आयात आराखड्यातच होती.

खरी मेख मात्र भावात होती. 1970च्या दशकापासून सरकारने पेट्रोलचा दर बांधून ठेवला. देशाच्या तेलातलं सामान्य माणसाच्या पदरात पडत होतं ते एवढंच, म्हणून दर वाढवायची कोणाची छाती होईना. त्या दरात सरकारी रिफायनऱ्यांची देखभाल रखडली, वर पाइपलाइन फोडून तेलचोरी. उलट आयातदाराला खरेदी-विक्रीतला फरक सरकार भरून देई. मग न आलेल्या पेट्रोलचंही अनुदान उचललं जाऊ लागलं. 2012 मध्ये संसदेच्या समितीने हा घोटाळा चव्हाट्यावर आणला आणि पुढे समितीच्या अध्यक्षालाच एका आयातदाराकडून लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. कुंपणच शेत खातं ते असं. यात यंत्रांचा दोष थोडा. रिफायनऱ्या बंद राहण्यातच अनेकांचं भलं होतं.

मे 2023 मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचं सांगून टाकलं. दोनेक महिन्यांत दर तिप्पट झाले. सप्टेंबर 2024 मध्ये लागोसजवळच्या लेक्की इथल्या, उद्योगपती डांगोटे यांच्या खासगी रिफायनरीतून पेट्रोल निघू लागलं. हिची क्षमता रोज 6,50,000 पिंपं. उभारणीत भारताच्या इंजिनिअर्स इंडियाचाही हात आहे. पण तिला देशातलं कच्चं तेल पुरेसं मिळेना, कारण सरकारी तेल कंपनीने त्यातलं बरंचसं कर्जापोटी आधीच बांधून दिलेलं. त्यामुळे ही रिफायनरी आता अमेरिकेतूनही कच्चं तेल मागवते.