विमान-प्रतिकृतीवरील जीर्णता : लोहगाव विमानतळाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी व शिलालेख यांना मान्यता आहे. प्रमाणबद्ध प्रतिकृतीला मात्र बहुधा खेळण्याचेच स्थान दिले जाते. वस्तुतः प्रतिकृती हे साधनांचा अर्थ लावून केलेले एक विधान असते. कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी रेल्वे-प्रतिकृती संग्रहालयाने अशा विधानाचे शैक्षणिक मोल पुणेकरांस दाखवून दिले आहे. प्रस्तुत लेखात विमानाच्या पहिल्या प्रतिकृतीचे अखेरचे रंगकाम व तिच्यावरील जीर्णतेचे चित्रण, म्हणजेच वेदरिंग, यांचा इतिहासदृष्ट्या विचार केला आहे.

लोहगावची पार्श्वभूमी :

लोहगाव येथील विमानतळ १९३९ साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात तेथे मॉस्किटो व वेलिंग्टन ही बॉम्बफेकी आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती. १९४७ साली तळ भारतीय हवाई दलाकडे आला. एअरफिक्स कंपनीने आपला पहिला विमानसंच काढला, तोही स्पिटफायरचाच. त्यामुळे नवशिक्याच्या हाती प्रथम येणारे विमान अनेकदा लोहगावच्या इतिहासाशी जोडलेले असते.

रंगकामाचा क्रम :

रंग सुकल्यावर चकचकीत वॉर्निश, त्यावर चिन्हांचे डिकॅल, मग पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला गडद रंग आणि शेवटी निस्तेज वॉर्निश असा क्रम रूढ आहे. खरखरीत पृष्ठभागावर डिकॅल लावल्यास खाली हवा अडकून ते चंदेरी दिसते. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत फवारलेले लॅकर पांढुरके पडू शकते. म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहणे श्रेयस्कर ठरते.

जीर्णता आणि पुरावा :

खरी कसोटी पुढे आहे. १:७२ या प्रमाणात स्पिटफायरचे पंख सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतात. या प्रमाणात २ मिलिमीटरचा रंग उडालेला ठिपका प्रत्यक्षात १४ सेंटिमीटरहून मोठा होतो. स्पिटफायरच्या धातूच्या पंखमुळाशी, जेथे वैमानिक व यांत्रिक पाय ठेवीत, तेथे चंदेरी ओरखडे योग्य होत; कापडाने मढविलेल्या सुकाणूवर ते असंभव होत. मॉस्किटो तर मुख्यतः लाकडी होते. तेव्हा त्याच्या पंखांवर धातूची चमक दाखविणे म्हणजे नसलेला पुरावा निर्माण करणे होय.

मॉस्किटोचे उदाहरण आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. १९४४ मध्ये भारतात या विमानांचे पंख हवेतच निकामी झाल्याने अपघात घडले व काही काळ उड्डाणे थांबविण्यात आली. प्रारंभी दमट हवामानाला दोष दिला गेला. पुढील तपासात सांधे चिकटविण्यातील निर्मितिदोष प्रमुख ठरले. पुढे उष्णता परावर्तित व्हावी म्हणून भारतातील मॉस्किटोंना चंदेरी रंग देण्यात येऊ लागला. म्हणजे जे डोळ्यांस हवामानाचे परिणाम वाटतात, त्यांची कारणे कधी कारखान्यातही असतात.

चिन्हांचेही तसेच आहे. जपानी चिन्हाशी गफलत टाळण्यासाठी युद्धकाळात या आघाडीवरील वर्तुळातून लाल रंग वगळला गेला. स्वातंत्र्यानंतर अशोकचक्र आले आणि १९५० पासून केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ रूढ झाले. १९४५ च्या स्पिटफायरवर तिरंगी वर्तुळ लावणे हा कालविपर्यास ठरतो.

निष्कर्ष :

महाविद्यालयीन प्रदर्शनात विद्यार्थी प्रतिकृतीसोबतचे टिपण क्वचितच वाचतात. डोळ्यांनी पाहिलेले मात्र खरे मानतात. म्हणून प्रत्येक डाग कोणत्या छायाचित्रावरून वा कोणत्या तर्काने दिला, याची नोंद कर्त्याने ठेवावी आणि पुरावा नसेल तेथे हात आवरावा. हात आवरता येणे हीच प्रतिकृतिकाराची आणि इतिहासकाराचीही पहिली शिस्त होय.