बंदूक विकत घ्यावी कीं घडवावी?

बंदुकीचा शौक असणाऱ्या मंडळींत एक वाद वारंवार निघतो. निशाणबाजीच्या सरावासाठीं लागणारी लहान तोंडाची, ०.२२ इंच व्यासाची रायफल कारखान्यांतून तयार घ्यावी, कीं नळी एका ठिकाणची, चाप दुसऱ्या ठिकाणचा आणि दस्ता स्वतःच्या खांद्याच्या मापाचा असे भाग जमवून ती घडवून घ्यावी? अमेरिकेसारख्या देशांत हा हौसेचा व पैशाचा प्रश्न आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें गृहस्थापुरता त्याचा निकाल लावून ठेवला आहे. परवान्यावांचून बंदूक घेतां येत नाहीं, आणि परवान्यावांचून ती घडवितांही येत नाहीं. हा निकाल योग्यच आहे, असें आम्हांस वाटतें. परंतु जो प्रश्न गृहस्थास पडण्याचें कारण नाहीं, तो राज्यास पडल्यावांचून राहत नाहीं. आमच्या मराठवाड्याच्या इतिहासांत, विशेषेंकरून आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या व त्याच्या आसपासच्या मुलखांत, हा प्रश्न निदान चारशें वर्षें पुनःपुन्हा उभा राहिला आणि त्याचें उत्तर पुनःपुन्हा अर्धवट दिलें गेलें. त्या अर्धवट उत्तरांचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

ही लहानशी रायफल ज्या काडतुसावर चालते, तें काडतूसच मोठें बोधप्रद आहे. त्याच्या बुडाला जी बारीक कडा असते, तिच्या पोकळींत स्फोटक मसाला भरलेला असतो. घोड्याची टांची मध्यावर न बसतां त्या कडेवर बसते आणि काडतूस पेटतें. या जातीच्या काडतुसाचा उगम फ्लोबेर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत आहे. १८५७ मध्यें स्मिथ आणि वेसन यांनीं अमेरिकेंत त्याचें ०.२२ इंचाचें रूप बाजारांत आणलें, आणि १८८७ मध्यें स्टीव्हन्स कंपनीनें त्यास आज सर्वत्र चालणारें लांब रूप दिलें. गोळीचें वजन अवघें अडीच ग्रॅमच्या आसपास. एकानें कल्पना काढावी, दुसऱ्यानें ती सुधारावी, तिसऱ्यानें तिला कायमचें माप ठरवून द्यावें, आणि पहिला माणूस गेला तरी काम अडूं नये, असा हा चाळीस वर्षांचा क्रम आहे. वाचकांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. कारण आतां आम्ही त्यांस या अडीच ग्रॅमच्या गोळीपासून पन्नास टनांहून अधिक वजनाच्या तोफेकडे नेणार आहों.

परांड्याचा भुईकोट किल्ला आज धाराशिव जिल्ह्यांत आहे. अहमदनगर मोंगलांच्या हातीं गेल्यावर कांहीं काळ निजामशाहीची राजधानीच येथें होती. सध्यां विजापुरच्या शेरझा बुरुजावर असलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ याच परांड्याहून १६३२ मध्यें तिकडे नेण्यांत आली. ती ओतली गेली अहमदनगर येथें, १५४९ मध्यें. लांबी चौदा फुटांवर, तोंडाचा घेर असा कीं आंत माणूस सहज बसावा, आणि मुखावर हत्तीस गिळणाऱ्या सिंहाचा जबडा कोरलेला! हें काम निजामशाहीनें बाहेरून आणविलें नाहीं, आपल्या राजधानींत करविलें. तेव्हां वरवर पाहतां हें ‘घडविणें’ होय. परंतु ओतणाऱ्याचें नांव महंमद रूमी. रूमी म्हणजे तुर्की साम्राज्याच्या मुलखांतला. म्हणजे तोफ घडविली खरी, पण घडविण्याची विद्या पगार देऊन आणली होती. पुढें तोफेनें तीन धनी पाहिले. निजामशाही बुडाली, ती आदिलशाहीकडे गेली. १६८६ मध्यें विजापूर पडलें, तेव्हां औरंगजेबानें तिच्यावर आपला लेख कोरविला. आणि १८५४ मध्यें इंग्रज अंमलदारांनीं ती लिलावांत काढली, तेव्हां बोली आली ती दीडशें रुपयांची! ती फारच थोडी वाटल्यामुळें विक्री रद्द झाली, म्हणून तोफ आज पाहावयास मिळते. ज्या वस्तूची विद्या आपणांपाशीं उरली नाहीं, तिची किंमत बाजारांत शेवटीं धातूच्या भावानेंच व्हावयाची.

आतां विकत घेण्याची बाजू पाहूं. शिवाजी महाराजांनीं फ्रेंचांकडून तोफा घेतल्या, व इंग्रजांकडूनही त्या मिळविण्याची खटपट केली. ज्यास नवें राज्य उभें करावयाचें आहे, त्यास कारखाना उभा राहीपर्यंत थांबण्यास सवड नसते. तेव्हां या करण्यास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु विकणाऱ्याचें मन कोणाकडे आहे, हा धोका महाराजांनीं फार लवकर अनुभविला. १६६० मध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापुरच्या वखारीचा रेव्हिंग्टन हा इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेला आणि आपलें निशाण लावून गडावर गोळे टाकूं लागला. पुढच्याच वर्षीं महाराजांनीं राजापुरची वखार लुटून त्याची भरपाई केली. रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्रां’त टोपीकरांस इतर सावकारांसारखे समजूं नये, त्यांचें बळ आरमार आणि दारूगोळा यांत आहे, असा जो इशारा दिला आहे, त्याच्या मागें हाच अनुभव उभा आहे. बंदूक विकणारा बंदुकीबरोबर आपली मर्जीही विकतो, असें समजणारा फसतो.

या अनुभवावरून पुढच्या पिढ्यांनीं घडविण्याकडे मोर्चा वळविला. महादजी शिंद्यांनीं द बॉयन या सेनानीस नोकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि सँग्स्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं आग्र्याकडे तोफा व बंदुका तयार होऊं लागल्या. विलायती मालाच्या तोडीची बंदूक तेथें दहा रुपयांत पडे, अशी नोंद आहे. इकडे निजामाच्या राज्यांत, म्हणजे ज्या राज्यांत परांडें व धाराशिव त्या वेळीं होतें, रेमाँ नांवाच्या फ्रेंचानें १७८६ मध्यें हैदराबादेस तोफांचा कारखाना काढला. तो भाग अजूनही ‘गनफाउंड्री’ याच नांवानें ओळखला जातो. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याची लढाई झाली, ती याच परांड्याच्या वाटेवर. निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. दोन्ही बाजूंस देशी कारखान्यांतल्या तोफा, आणि दोन्ही तोफखान्यांवर हुकूम चालविणारे फ्रेंच! मराठ्यांचा जय झाला, आणि तो आपण अभिमानानें सांगतों. परंतु त्या दिवशीं रणांगणावर ज्या विद्येची कसोटी लागली, ती दोन्ही पक्षांनीं भाड्यानें आणलेली होती, हेंही त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

त्या भाड्याची मुदत लवकरच संपली. १७९८ मध्यें रेमाँ वारला. त्याच वर्षीं निजामानें इंग्रजांशीं तह केला आणि रेमाँच्या शिस्तींत वाढलेली सुमारें चौदा हजारांची फौज शस्त्रें खालीं ठेवून मोडली गेली. १८०३ मध्यें इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच शिंद्यांचे इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यास मान देऊन निघून गेले. पेराँनें इंग्रजांचा आश्रय घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या मैदानांत शिंद्यांच्या तोफांनीं वेलस्लीच्या सैन्याची भयंकर हानि केली. गोलंदाज तोफांपाशीं लढतां लढतां पडले. पराभवानंतर हातीं लागलेल्या ९८ तोफा पाहून खुद्द वेलस्लीनेंही त्यांची वाखाणणी केली. म्हणजे माल हलका नव्हता, आणि मराठी गोलंदाजाचें काळीजही हलकें नव्हतें. उणीव दुसरीकडे होती.

येथें कोणी म्हणतील कीं, सँग्स्टर आणि रेमाँ हे देखरेख करणारे. सांचा करणारे, भट्टी लावणारे, नळी घासणारे हात आमचेच होते. हें खरें आहे, आणि म्हणूनच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच शतकांत युरोपांत काय चाललें होतें? १७४१ मध्यें वुलिच येथें तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठीं शाळा निघाली. १७४२ मध्यें बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञानें गोळ्याच्या गतीचें शास्त्र ग्रंथरूपानें मांडलें. १७६५ पासून फ्रान्समध्यें ग्रिबोव्हालनें तोफा, गाडे व चाकें यांचीं मापें एकसारखीं ठरवून दिलीं. १७७४ मध्यें विल्किन्सननें भरीव ओतलेली नळी यंत्रानें कोरण्याची रीत सिद्ध केली. यांतला प्रत्येक जण मेला किंवा निवृत्त झाला. पण कोष्टक राहिलें, शाळा राहिली, माप राहिलें. आमच्याकडे विद्या कारागिराच्या बोटांत राहिली आणि बोटांबरोबर गेली. सरदारांनीं कारखाने काढले, शाळा काढल्या नाहींत. कारखान्यास धनी लागतो; धनी हरला कीं कारखाना थंड पडतो. शाळेस शिष्य लागतो, आणि शिष्य हरलेल्या राज्यांतही शिकूं शकतो.

या कथेचा शेवटचा अंक पुन्हा धाराशिव जिल्ह्यांतच घडला. १९४८ मध्यें निजाम सरकारनें विकत घेण्याचा मार्ग धरला. सिडने कॉटन नांवाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानें भरभरून चोरून शस्त्रें आणी. १३ सप्टेंबर रोजीं सोलापुराकडून भारतीय सैन्य निघालें, आणि पहिल्याच दिवशीं नळदुर्गचा किल्ला व बोरी नदीवरचा पूल त्याच्या हातीं आला. १७ सप्टेंबरास सारें आटोपलें. दीडशें वर्षांपूर्वीं ज्या राज्यांत तोफा ओतल्या जात होत्या, त्यास शेवटीं रात्रीच्या विमानांची वाट पाहावी लागली. आणि ज्या प्रजेचें मन आपल्याकडे नाहीं, तिच्या मुलखांत विकतचीं शस्त्रें किती दिवस पुरतात, तेंही दिसून आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आज बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत ०.२२ इंचाची रायफल तयार होते, आणि परवानाधारकास ती मिळूं शकते. तरीही जागतिक सामन्यांतले नेमबाज बहुधा जर्मन कारखान्यांच्या रायफली वापरतात. कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्युनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्याच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें याच लहान काडतुसाच्या, पन्नास मीटरांच्या प्रकारांत. नेमबाजानें उत्तमांत उत्तम हत्यार जेथें मिळेल तेथून घ्यावें, यांत लाज कसली? त्याची विद्या नेम धरण्याची आहे, आणि ती त्याची स्वतःची आहे. शिवाय ती तो पुढच्यास शिकवूं शकतो. राष्ट्राची गोष्ट निराळी. राष्ट्रानें विकत घ्यावें, पण घेतांना शिकावें. घडवावें, पण घडवितांना शिकवावें. ज्या घडविण्यांतून शिष्य तयार होत नाहीं, तें घडविणें म्हणजे उशिरानें आणि अधिक पैसे देऊन केलेली खरेदीच होय.

परांड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. मुलांस घेऊन तेथें जाणाऱ्या वाचकांनीं तोफ किती लांब, किती जड, गोळा किती कोस जाई, हें अवश्य सांगावें. पण तिच्या ओतणाऱ्यापाशीं शिकून कोण तयार झालें, हाही प्रश्न मुलांपुढें टाकावा. त्याचें उत्तर तोफेवर कोरलेलें सांपडत नाहीं, आणि आमच्या पराभवांचें पुष्कळसें कारण त्या कोऱ्या जागेंत आहे.