प्रेशर हॉर्नवरची मनाई जुनीच आहे

खासगी गाडीला प्रेशर हॉर्न किंवा म्युझिकल हॉर्न लावणारे बरेच जण असे धरून चालतात की त्यावरची बंदी हे अलीकडच्या पर्यावरणवाद्यांचे खूळ आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. इंग्लंडमध्ये मोटारींना रस्ता खुला करणारा कायदा 1896 साली झाला. गाडीवर घंटा किंवा तसे दुसरे साधन असावे आणि गाडी येत असल्याची पुरेशी सूचना त्याने मिळावी, अशी अट त्याच कायद्यात होती. म्हणजे हॉर्न सक्तीचा झाला तो रस्त्यावरच्या इतरांचा जीव वाचावा म्हणून. गाडीवाल्याला वाट मिळावी म्हणून नव्हे. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली प्रांतोप्रांतीचे नियम झाले. बंगालच्या 1940 च्या नियमांत इशारा ऐकू जाण्याची सक्ती होती, आणि तिच्या जोडीलाच एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला आणि अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणाऱ्या कुठल्याही साधनाला मनाई होती. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 119 आजही जवळपास त्याच शब्दांत बोलतो. त्यात सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस अशा मोजक्या वाहनांना. घरची मोटार किंवा मोटारसायकल त्या यादीत नाही.

मग ही मनाई सतत नवी का वाटते? कारण दर काही वर्षांनी कोणीतरी ती पुन्हा बजावून सांगते आणि पुन्हा सगळे सैल पडते. 1985 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे रबीन मुखर्जी यांचा खटला आला, तेव्हा प्रश्न नियम नसल्याचा नव्हताच. नियम होता, तरीही वाहनांवर एअर हॉर्न सर्रास वाजत होते, आणि ते काढायला लावा असे न्यायालयाला सरकारला सांगावे लागले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हॉर्न वाजवण्यावर निर्बंध घातले; 2010 मध्ये ध्वनिप्रदूषण नियमांतही तशी तरतूद आली. 2013 मध्ये गाड्यांवरच्या लाल दिव्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सवलतीच्या यादीबाहेरच्या सर्व गाड्यांचे बहुसुरी हॉर्न काढायला सांगितले. 2019 च्या दुरुस्तीने आवाजाचे मानक मोडणाऱ्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गाडीवाल्यापुरते कागदावर आता कमी काही उरलेले नाही.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. बारा व्होल्टचा मुठीएवढा कॉम्प्रेसर, प्लास्टिकच्या दोन लाल तुताऱ्या, एक रिले आणि थोडी वायर एवढ्या सामानात प्रेशर हॉर्न उभा राहतो. कॉम्प्रेसरची हवा तुतारीच्या बुडाशी असलेल्या पातळ पडद्याला थरथरवते आणि तुतारी तो आवाज फुगवते. बसवायला वेळ लागत नाही, काढायलाही नाही. शिक्षेचे कलम मात्र गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला धरते. तो हॉर्न विकणारा आणि बसवून देणारा त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. पोलीस मोहीम काढतात, जप्त हॉर्न आणि सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो छापून येतात, आणि काउंटरवर तोच माल विक्रीला असतो. रस्त्यावर एकेक गाडी अडवून हे संपणार नाही.

घाटात आणि हायवेवर मोठा हॉर्न लागतोच, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ट्रकमागे अडकलेल्या माणसाची अडचण खोटी नाही. पण कंपनीने दिलेल्या हॉर्नसाठी मानकानेच 93 ते 112 डेसिबलची मुभा दिली आहे. डेसिबलचे गणित असे की 10 ने आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. 112 हा मुळातच प्रचंड आवाज आहे, आणि वळणापलीकडे इशारा पोहोचवायला तो पुरतो. ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’चा दाखलाही देतात. त्या अक्षरांना कायद्याचा आधार कधीच नव्हता, आणि महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 2015 मध्ये ती लिहायलाच बंदी केली.

दुसरा युक्तिवाद गोड आवाजाचा. ऑक्टोबर 2021 मध्ये नाशिकला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचे सूर आणण्याची कल्पना मांडली. कर्कशपणाबद्दलची त्यांची चीड रास्त आहे. तरीही मला ही वाट पटत नाही. इशारा ऐकताक्षणी इशारा म्हणूनच कळला पाहिजे, आणि ऐकायला गोड लागणारा हॉर्न माणूस कमी नव्हे, जास्तच वाजवेल.

तेव्हा परिवहन खात्याने तपासणी गॅरेज आणि सुट्या भागांच्या दुकानांपर्यंत न्यावी, आणि मानकात न बसणारा हॉर्न विकणे व बसवणे हाच स्पष्ट गुन्हा करावा. वाचकांना विनंती एवढीच: सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर मेकॅनिकने ‘दमदार’ हॉर्न सुचवला तर सरळ नको म्हणा, आणि आधीच बसवलेला असेल तर त्याच खेपेला काढून घ्या.