एका विमानाचा अनुशेष

कानपुरात १ नोव्हेंबर १९६१ रोजी भारतात बांधलेले पहिले ॲव्हरो उडाले. दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या या विमानाने वायुसेनेचा भार कित्येक दशके वाहिला. त्याच्या जागी ५६ 'सी-२९५' घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. त्यांतली ४० भारतात बांधायची होती. कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये येईल, अशी आशा विदर्भाला दाखविली गेली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभरणी झाली ती वडोदऱ्यात. पुढे १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे एटीआर उतरले. तेही दोन टर्बोप्रॉप इंजिनांचेच, पण प्रवासी. विमानात बसणे आणि विमान घडविणे यांत अंतर आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेल्या अनुशेषात सिंचन होते, रस्ते होते. हुकलेल्या कौशल्याचा अनुशेष मात्र वऱ्हाडच्या इतिहासकारालाच मांडावा लागेल.