राजाचा कोपरा आणि राणीचा कोपरा

संगीताचा इतिहास लिहितांना आपण बहुधा गवयांचा, रचनाकारांचा आणि आश्रयदात्यांचा इतिहास लिहितों. श्रोत्याचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. ह्याचें कारणहि उघड आहे. गवयाची चीज शिष्याच्या गळ्यांत राहते, रचनाकाराची वही ग्रंथालयांत राहते. श्रोत्याची वाहवा मात्र दिवे मालवण्यापूर्वींच हवेंत विरून जाते. मैफल संपल्यावर घरीं परततांना वाटेंत जो वाद रंगतो, आणि दुसऱ्या दिवशीं ओटीवर जो पुन्हां उकरून काढला जातो, त्याची नोंद कोण ठेवणार? तरीपण एक काळ असा होऊन गेला, कीं ज्या वेळीं श्रोत्यांनीं आपला हा वाद कागदावर उतरविला, छापला, विकला, आणि त्यापायीं मित्रांशीं वैरेंहि केलीं. तो काळ म्हणजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, आणि तें स्थळ म्हणजे पॅरिस शहर.

प्रथम तेथील रंगभूमीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. पॅरिसच्या ऑपेरागृहाची स्थापना १६६९ सालीं राजाच्या सनदेनें झाली, आणि पुढें तीन वर्षांनीं ती सनद ल्यूली ह्या संगीतकाराच्या हातीं आली. पांच अंक, आरंभीं राजाची स्तुति गाणारा नांदीवजा प्रवेश, देवदेवता, यंत्रांच्या साह्यानें खालीं उतरणारे ढग, आणि मधून मधून नृत्यें, असा जो सांचा त्यानें घालून दिला, तो जणूं राज्यघटनेचाच एक भाग होऊन बसला. गंमत ही, कीं शुद्ध फ्रेंच संगीताचा हा आद्य पुरुष जन्मानें इटलीतील फ्लॉरेन्सचा होता! त्याच्या मृत्यूनंतर शेंचाळीस वर्षांनीं, १७३३ सालीं, रामो नांवाच्या पन्नास वर्षांच्या पंडितानें आपला पहिला ऑपेरा रंगभूमीवर आणला, तेव्हां ल्यूलीच्या भक्तांनीं एकच गिल्ला केला. रामोचें संगीत फार दाट आहे, फार विद्वत्तेचें आहे, त्यानें ल्यूलीची सरलता बुडविली, असा त्यांचा आक्षेप होता. वीस वर्षांच्या आंत हाच रामो सनातन फ्रेंच परंपरेचा आधारस्तंभ म्हणून पुढें केला जावा, हा काळाचा महिमा होय.

ही पालट घडवून आणणारी घटना दिसण्यांत अगदीं क्षुल्लक होती. १ ऑगस्ट १७५२ रोजीं बांबिनी नामक व्यवस्थापकाच्या एका फिरत्या इटालियन मंडळीनें पॅरिसच्या ऑपेरागृहांत पेर्गोलेसीचा 'ला सेर्वा पाद्रोना' म्हणजे 'दासी झाली धनीण' हा लहानसा खेळ केला. नेपल्समध्यें १७३३ सालीं एका गंभीर नाटकाच्या अंकांमधील विरंगुळा म्हणून तो प्रथम झाला होता. पात्रें अवघीं तीन, आणि त्यांतील एक मुकें. एक चतुर मोलकरीण आपल्या वृद्ध, ब्रह्मचारी धन्याला फसवून त्याच्याशीं लग्न लावते, एवढेंच कथानक. साथीला कांहीं तंतुवाद्यें. कर्ता बिचारा १७३६ सालींच, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, मरण पावला होता. हाच खेळ पॅरिसमध्यें १७४६ सालीं दुसऱ्या एका नाटकगृहांत होऊन गेला होता. त्या वेळीं त्याची कोणी विशेष दखल घेतली नव्हती. परंतु १७५२ सालीं तो झाला तो देवदेवतांच्या त्या राजमान्य मंदिरांत. ज्या रंगपीठावर ज्युपिटर आणि व्हीनस गात, तेथें एक मोलकरीण गाऊं लागली, आणि ती अशा सुरांत गाऊं लागली कीं ते घरीं जातांना कोणासहि गुणगुणतां यावेत.

झालें! श्रोत्यांत दोन तट पडले. फ्रेंच पद्धतीचे अभिमानी राजाच्या आसनाखालील बाजूस जमूं लागले, इटालियन पद्धतीचे चाहते राणीच्या आसनाखालीं. ह्यावरून एका पक्षास 'राजाचा कोपरा' आणि दुसऱ्यास 'राणीचा कोपरा' अशीं नांवें पडलीं. पहिल्या कोपऱ्यांत श्रीमंत, सरदार आणि राजाची प्रीतिपात्र मादाम द पोंपादूर हिचा गोतावळा. दुसऱ्यांत दिदेरो, ग्रिम, रूसो इत्यादि त्या काळीं ज्ञानकोश रचण्यांत गुंतलेली मंडळी. खेळ चालू असतां कोपऱ्याकोपऱ्यांतून शेरे उठत. खेळ संपला कीं वाद उपाहारगृहांत जाई, तेथून विदुषींच्या दिवाणखान्यांत, आणि तेथून छापखान्यांत. दीड-दोन वर्षांत पन्नासाहून अधिक पत्रकें निघालीं. त्यांतील बहुतेकांवर लेखकाचें नांव नसे.

ह्या पत्रकांत ग्रिमचें एक पत्रक फार गाजलें. तें १७५३ च्या आरंभीं निघालें. प्राग शहरांत माळ्यावर राहणारा, पोटासाठीं नृत्याच्या गती रचणारा एक गरीब विद्यार्थी अदृश्य शक्तीनें उचलला जाऊन पॅरिसच्या ऑपेरागृहांत येऊन पडतो आणि तेथें जें पाहतो तें बायबलांतील भविष्यवाद्यांच्या थाटांत सांगतो, अशी त्याची कल्पना. त्या काळीं फ्रेंच वाद्यवृंदाचा नायक हातांतील दांडा ठोकून ताल देत असे. त्या विद्यार्थ्याला तो लाकूडतोड्या वाटतो! सारें पॅरिस हंसलें. आणि ज्यांना हंसूं आलें नाहीं, त्यांनीं उत्तराचें पत्रक लिहिलें.

परंतु खरा भडका उडाला तो रूसोच्या लेखणीनें. रूसो हा संगीत जाणणारा, स्वरलेखनाच्या प्रती करून पोट भरणारा मनुष्य. त्यानें स्वतः शब्द आणि स्वर रचलेला 'गांवचा ज्योतिषी' हा छोटा फ्रेंच ऑपेरा ऑक्टोबर १७५२ मध्यें फोंतेनब्लोच्या राजवाड्यांत झाला, आणि पंधराव्या लुईला तो इतका आवडला कीं तो दिवसभर त्यांतील पद अत्यंत बेसूर आवाजांत गात राहिला, अशी हकीकत आहे. दुसऱ्या दिवशीं राजाची भेट घेतली असती तर रूसोस तनखा मिळाला असता. तो भेटीस गेलाच नाहीं. आणि ह्याच गृहस्थानें वर्षभरानें, नोव्हेंबर १७५३ मध्यें, फ्रेंच संगीताविषयीं एक पत्र छापून असा निकाल दिला कीं फ्रेंचांना संगीत नाहीं व असूं शकत नाहीं. आणि कधीं काळीं झालेंच तर तें त्यांच्याच वाईटास होईल. भाषाच जर स्वराला अनुकूल नसेल तर गाणें कोठून येणार, असा त्याचा मूळ मुद्दा होता. ऑपेराच्या वादकांनीं त्याची प्रतिमा करून जाळली, आणि त्याला नाटकगृहांत असलेला मुक्त प्रवेश बंद झाला.

येथवरचा भाग मौजेचा आहे. परंतु ह्या पत्रांतील एका स्थळीं वादाची पातळी एकदम उंचावते. ल्यूलीच्या 'आर्मीद' ह्या ऑपेरांत नायिका निजलेल्या शत्रूवर खंजीर उगारून उभी आहे. त्याचें मुख पाहतां पाहतां तिच्या द्वेषाचें प्रेम होतें, आणि हात खालीं येतो. हें स्वगत म्हणजे फ्रेंच गायनाचा मुकुटमणि मानला जाई. रूसोनें तें ओळीओळीनें तपासलें आणि विचारलें, कीं नायिकेच्या हृदयांत एवढी उलथापालथ होत असतां स्वरांत ती कोठें आहे? स्वर तर जेथल्या तेथेंच! ह्यास रामोनें १७५४ सालीं उत्तर दिलें. त्याचें म्हणणें असें, कीं तुम्ही केवळ वरची स्वररेषा ऐकतां. खालच्या आधारस्वरांकडे कान द्याल तर तिच्या मनांतील प्रत्येक हेलकावा तेथें सांपडेल. गायनाचा प्राण सुरावटींत कीं संवादी स्वरांच्या मेळांत, हा प्रश्न ह्या ठिकाणीं प्रथमच सामान्य वाचकापुढें एका उदाहरणाच्या आधारानें मांडला गेला. 'मला आवडलें', 'मला आवडलें नाहीं' येथून निघालेला वाद 'कां आवडलें' येथवर पोंचला. टीकाशास्त्राचा जन्म असाच होतो.

ह्या कलहाला दुसराहि एक पदर होता. मे १७५३ मध्यें राजानें पॅरिसच्या वरिष्ठ न्यायमंडळाला शहराबाहेर घालविलें, आणि लोक अत्यंत क्षुब्ध झाले. आपल्या पत्रामुळें सर्वांचें लक्ष संगीताकडे वळलें व बंड टळलें, अशी बढाई रूसोनें पुढें आत्मचरित्रांत मारली आहे. पत्र निघालें नोव्हेंबरांत. तेव्हां ही बढाई पुरतेपणीं खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु दालांबेरनें १७५९ सालीं केलेली मीमांसा अधिक मार्मिक आहे. तो उपरोधानें म्हणतो, कीं कित्येकांच्या लेखीं इटालियन गाण्याचा चाहता, प्रजासत्ताकवादी, बंडखोर आणि नास्तिक हे सारे एकच. कारण गाण्यांत स्वातंत्र्य दिलें कीं भावनेंत द्यावें लागतें, भावनेंत दिलें कीं विचारांत, आणि विचारांत दिलें कीं आचारांत. ह्यांतील थट्टा बाजूला ठेवली तरी एक सत्य उरतें. ज्या देशांत राजाच्या कारभाराविषयीं उघड मत देणें धोक्याचें होतें, तेथें निदान राजाच्या नाटकगृहाविषयीं मत देण्याची संवय लोकांना लागली. तिकीट काढून उभा राहणारा मनुष्य न्यायाधीश होऊं शकतो, हा विचार नवा होता.

१७५४ सालीं इटालियन मंडळी निघून गेली, पण श्रोत्यांना लागलेली संवय गेली नाहीं. १७७३ सालीं ग्लुक हा जर्मन संगीतकार पॅरिसमध्यें आला. त्याची पाठराखीण राजवधू मारी आंत्वानेत ही व्हिएन्नांत असतांना त्याच्यापाशीं गाणें शिकली होती. फ्रेंच शब्दांवर त्यानें असें नाट्यपूर्ण संगीत चढविलें, कीं स्वतः रूसोनें आपला जुना निकाल फिरविला. लगेच विरोधी पक्षानें नेपल्सहून पिक्चिनीस आणविलें, आणि पुन्हां दोन तट! ह्या वेळीं मार्मोंतेल व ला आर्प एका बाजूस, स्यूआर व आर्नो दुसऱ्या बाजूस. आणि १७७७ च्या आरंभीं निघालेलें 'पॅरिसचें वृत्तपत्र', फ्रान्सचें पहिलें दैनिक, ह्यांचें रणांगण. त्याच सालीं ग्लुकनें मुद्दाम 'आर्मीद'चीच संहिता घेऊन नव्यानें स्वरबद्ध केली. म्हणजे ज्या स्वगतावर रूसो आणि रामो भांडले, त्याचें तिसरें भाष्य एका परक्यानें स्वरांतच लिहिलें. पुढें दोघांनींहि 'टॉरिसमधील इफिजिनिया' ह्या एकाच विषयावर ऑपेरा रचले. ग्लुकचा १७७९ सालीं झाला, पिक्चिनीचा १७८१ सालीं. दुसऱ्या रात्रीं पिक्चिनीची नायिका मद्य घेऊन रंगभूमीवर आली, तेव्हां ही 'टॉरिसची नव्हे, शँपेनची इफिजिनिया' अशी कोटी कोणीं तरी केली, आणि ती ऑपेराहून अधिक दिवस टिकली.

ह्या काळचा श्रोता कसा ऐकत असे, ह्याचें सुंदर चित्र मोत्सार्टनें ३ जुलै १७७८ रोजीं पॅरिसहून वडिलांस लिहिलेल्या पत्रांत आहे. आपल्या नव्या रचनेच्या पहिल्या भागांत एक जागा हमखास आवडेल हें त्याला ठाऊक होतें. ती येतांच मध्येंच टाळ्या पडल्या. शेवटच्या भागाचा आरंभ त्यानें मुद्दाम दोन व्हायोलिनांवर अगदीं हळू केला. श्रोत्यांनीं एकमेकांना गप्प बसविलें, आणि सर्व वाद्यें एकदम उठतांच टाळ्यांचा कडकडाट झाला. समेवर दाद देणाऱ्या आपल्या श्रोत्याला हें वर्णन मुळींच परकें वाटणार नाहीं. पुढें युरोपांत गाणें चालू असतां मौन पाळण्याचा शिष्टाचार रूढ झाला. आपल्याकडे दाद मैफलीचें अंग म्हणूनच राहिली.

आतां ह्या साऱ्या कलहाचें मोल काय करावें? पक्षाभिमानानें कान बंद होतात, हें त्यानें पुरेपूर दाखविलें. ज्यांनीं रामोला नांवें ठेवलीं त्यांतील कित्येकांनीं त्याचें खरें मोठेपण पाहिलेंच नाहीं. परंतु एवढें म्हणून थांबणें अन्यायाचें होईल. पत्रकांच्या ह्या गदारोळांतूनच फ्रेंच ऑपेराला माणसें, घरें आणि साधीं सुखदुःखें दिसूं लागलीं. ज्यांची नांवें कोणासहि ठाऊक नाहींत असे शेंकडों श्रोते ह्या बदलाचे वाटेकरी आहेत.

महाराष्ट्रालाहि असे दोन कोपरे परिचित आहेत. बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते ह्यांचीं भांडणें आपल्या वाडवडिलांनीं केलीं. आणि ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं दोघे मुंबईंत 'मानापमाना'च्या एकाच प्रयोगांत उभे राहिले, तेव्हां तीं दोन्हीं कोपऱ्यांतील माणसें एका छपराखालीं बसलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव निवर्तले. शब्द प्रधान कीं स्वर, पद सुटसुटीत असावें कीं आलापतानांनीं भरलेलें, हा आपला वाद आणि रूसो-रामोंचा वाद ह्यांचें गोत्र एकच आहे.

पॅरिसच्या कलहाची अखेर मात्र श्रोत्यांनीं केली नाहीं. ती एका कलावंतानें केली. नोव्हेंबर १७८७ मध्यें ग्लुक व्हिएन्नांत मरण पावला. त्याची स्मृति राहावी म्हणून दरसाल त्याच्याच संगीताची एक सभा पॅरिसमध्यें भरवावी, अशी सूचना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. सूचना करणारा होता पिक्चिनी. ती कधींच अमलांत आली नाहीं. दोन वर्षांत राज्यक्रांतीच झाली, आणि राजाचा कोपरा व राणीचा कोपरा हीं नांवेंच अर्थशून्य झालीं. पण ज्याच्या नांवानें दहा वर्षें लोकांनीं ग्लुकवर लेखणी उगारली, त्याच्या मनांत ग्लुकविषयीं काय होतें, हें त्या पत्रानें सर्वांस कळलें. आपल्या आवडत्या गवयासाठीं दुसऱ्या गवयाच्या चाहत्याशीं भांडतांना हें एवढें पत्र आपण आठवावें. मग खुशाल भांडावें.