नव्या काबिजादीतील कायदा आणि पुत्राचा आग्रह

गोव्यातील समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की मुलगा व मुलगी यांना वारशात समान वाटा, हा त्याचा पहिला गुण म्हणून सांगितला जातो. ते खरेच आहे. परंतु पेडणे, डिचोली या तालुक्यांचा इतिहास पाहता त्याच कायद्याच्या आश्रयाने पुत्राचा आग्रह कसा टिकला, हेही दिसून येते.

हे प्रदेश १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले. म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. येथील रूढींना राज्यकर्त्यांनी फारसा हात लावला नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, तेव्हाही त्या राखून ठेवल्या गेल्या. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या रूढींची स्वतंत्र संहिता केली. तिने हिंदू पुरुषाला एकपत्नीत्वाचा नियम घातला. अपवाद मात्र बोलके आहेत. पंचवीस वर्षांची होईपर्यंत पत्नीला मूलच झाले नाही, तर दुसऱ्या विवाहास वाव होता. तीस वर्षे पूर्ण होऊनही पुत्र झाला नाही, तरीही होता. म्हणजे चार मुलींची आई कायद्याच्या लेखी उणीच! रूढी जपण्याच्या नावाखाली परकीय सत्तेने ही उणीव छापील कलमात आणली.

मुस्लिम समाजाची गोष्ट वेगळी. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागू झाला नाही, त्यामुळे येथील मुस्लिम कन्येलाही भावाइतकाच वाटा आहे. प्रत्यक्षात मात्र सासरी गेलेल्या बहिणीने हक्कसोड लिहून देणे हीच अनेक घरांत चांगुलपणाची खूण मानली जाते. मग धर्म कोणताही असो. वाटा मागितला तर माहेर तुटते, ही भीती कायद्याहून जुनी आहे. कोमुनिदादीच्या उत्पन्नातील हिस्सा तर परंपरेने पुरुष वंशजांचाच.

दक्षिण कोरियात याच्या उलट घडले. कुटुंबप्रमुखपद पुरुषवंशाकडे ठेवणारी ‘होजू’ पद्धत तेथील कायद्यात २००८ पर्यंत होती, आणि १९९० मध्ये शंभर मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत. पण ती पद्धत जाईपर्यंत जन्मांचे प्रमाण जवळपास पूर्ववत झाले होते. तेथे समाज कायद्याच्या पुढे गेला. समान वाट्याचा कायदा शतकाहून अधिक काळ असलेल्या गोव्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९३८ होत्या, २०११ मध्ये ९४२.